कूलर बंद, सरोद सुरू

(खिडकीतला कूलर. नातवाचा हात बटणावर. पाती हळूहळू थांबतात.)

मे महिना. नागपूर, महाल भाग. अशा दुपारी इथं कूलर कोणी बंद करत नाही. पण आजोबांचं फर्मान आहे: "बंद कर बे कूलर, पिलू राग सुरू होऊन राहिला!"

(रेकॉर्डवर फिरणारं मऊ फडकं.)

फडकं खाचांच्या दिशेनंच फिरवायचं. आडवं फिरलं की ओरखडा आलाच. ही रेकॉर्ड १९५५ ची, सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांची, 'मॉर्निंग अँड ईव्हनिंग रागाज'. एका बाजूला सिंधू भैरवी, दुसऱ्या बाजूला पिलू. तबल्यावर चतुर लाल. ओळख करून देतात व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची बाजू तीन-चार मिनिटांत संपायची, राग उंबरठ्यावरूनच परत फिरायचा. इथं अख्खी बाजू एका रागाची. म्हणून आजोबा मध्येच सुई उचलू देत नाहीत. फोनवर आलाप पुढं सरकवणाऱ्यांबद्दल ते काय बोलले, ते मात्र आम्ही कापलं.

(डाव्या हाताची नखं, अगदी जवळून.)

ही नखं नातीची. ती सरोद शिकते. सतारीच्या दांडीवर सुरांच्या जागा दाखवणारे पडदे असतात, सरोदला नाहीत. गुळगुळीत पोलादी पट्टी, वर तार, तारेवर नख. बोटाच्या मऊ पेरानं दाबली तर आवाज बसका येतो. नखानं दाबली की मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं, लांबवर घसरत जाते. रियाजानं नखाला खाच पडते, ती कानशीनं घासायची, चार दिवसांत पुन्हा पडते. उजव्या हातात जवा, म्हणजे तार छेडायचा तुकडा, नारळाच्या करवंटीचा. हासुद्धा तिनंच घासलाय.

मैहर, म्हणजे खाँसाहेबांच्या घराण्याच्या घडणीच्या सरोदला २५ तारा. त्यातल्या १५ तरफेच्या, त्या छेडायच्या नाहीत, वरचा सूर लागला की आपोआप गुंजतात. खाली बकऱ्याचं कातडं. नागपूरच्या कोरड्या उन्हात ते ताणतं, पावसाळ्यात सैल पडतं. तार सुरात लावायला वेळ लागतो तो असा.

(फिरती तबकडी.)

पश्चिमेत निघालेली भारतीय शास्त्रीय संगीताची ही पहिली एलपी, म्हणजे लाँग-प्ले तबकडी, मानली जाते. पुढं १९६७ मध्ये खाँसाहेबांनी कॅलिफोर्नियात संगीताचं कॉलेज काढलं.

सुई टेकतेय.

(खरखर. मग सरोद. आजोबांचा घामेजलेला चेहरा, मिटलेले डोळे. निवेदन नाही.)