अ‍ॅस्टनची बोटं : ब्लॅक सॅबथच्या ‘१३’ची गोष्ट

[दृश्य : बर्मिंगहॅम, ब्रॉड स्ट्रीट. कालव्यावरचा पूल. सकाळ.]

कालव्यावरच्या या पुलाचं नाव २०१९ पासून ‘ब्लॅक सॅबथ ब्रिज’ आहे, याच शहरातल्या ब्लॅक सॅबथ या रॉक बँडवरून. त्यांच्या ‘१३’ या अल्बमची ही गोष्ट. पुलावरच्या या बाकाच्या पाठीवर चार चेहरे दिसतात. बेस गिटार वाजवणारा गीझर बटलर, गिटारवर टोनी आयोमी, गायक ऑझी ऑस्बर्न आणि ड्रम्सवर बिल वॉर्ड. चौघंही इथून जवळच, अ‍ॅस्टन भागात लहानाचे मोठे झाले. लोक येतात, बाकावर टेकतात, फोटो काढतात, कामाला जातात.

चेहरे चार आहेत, एवढं लक्षात असू द्या.

[दृश्य : न्यू स्ट्रीट स्टेशन. यांत्रिक बैल मान हलवतो.]

शहराच्या मोठ्या स्टेशनात हा दहा मीटर उंच बैल उभा आहे. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या उद्घाटनाला तो मैदानात आला, तेव्हा त्याला ओढणाऱ्या बायका होत्या साखळ्या घडवणाऱ्या कामगारांच्या वेशात. या भागात एकेकाळी बायका घरामागच्या भट्टीवर लोखंडी साखळ्या ठोकायच्या, त्यांची ती आठवण. पुढे बैलाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा लोकांनी मतं दिली आणि नाव ठरलं ‘ऑझी’. लोखंडाच्या शहराने आपल्या लोखंडी जनावराला आपल्या गायकाचं नाव दिलं.

[दृश्य : अ‍ॅस्टन, लॉज रोड. एकाला एक लागून विटांची घरं.]

लॉज रोड, १४ नंबर. आईवडील, सहा मुलं, झोपायच्या खोल्या दोन. व्हिला पार्कचं फुटबॉल मैदान इथून हाकेच्या अंतरावर. सामन्याच्या दिवशी बाहेरगावच्या लोकांच्या मोटारी राखून चार पैसे मिळवायचो, असं ऑझी सांगायचा. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. मग कधी कत्तलखान्यात काम, कधी मोटारींचे हॉर्न सुरात लावायचं काम. गीझर एका कारखान्याच्या कचेरीत हिशेब शिकत होता. आणि टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करत होता.

इथे जरा थांबू या. पुढे जे झालं त्याचं मूळ या कारखान्यात आहे.

[दृश्य : पत्र्याची कार्यशाळा. प्रेस खाली येतो, वर जातो. कामगाराचे हात.]

टोनी सतरा वर्षांचा होता. गिटार डावखुरा वाजवायचा, म्हणजे तारा छेडायला डावा हात आणि दाबायला उजवा. एका बँडबरोबर जर्मनीला जायचं पक्कं झालं होतं, म्हणून त्याने नोकरी सोडली. तो शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायची त्याची इच्छा नव्हती. आईने बजावलं, काम अर्धवट टाकायचं नाही, दिवस पुरा करून ये.

त्याला पत्रा वाकवून देणारी बाई त्या दिवशी कामावर आली नव्हती. त्यालाच त्या प्रेसवर बसवलं. हे यंत्र त्याने कधी चालवलेलं नव्हतं. पत्रा आत सरकवायचा, पाय दाबायचा, प्रेस खाली येतो. एकदा तो आला तो हातावरच. टोनीने हात मागे ओढला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं यंत्रात राहिली.

डॉक्टरांनी सांगितलं, गिटार विसर.

तो घरी बसून होता तेव्हा कारखान्याचा फोरमन एक तबकडी घेऊन आला. ऐकायची इच्छा नसताना टोनीने ती ऐकली. वाजवणारा होता गिटारवादक जँगो राइनहार्ट. फोरमनने मग सांगितलं की हा माणूस डाव्या हाताच्या दोनच बोटांनी सुरावट वाजवतो, बाकीची दोन आगीत होरपळून निकामी झालीत. त्या फोरमनचं नाव जगाच्या फारसं लक्षात नाही. माझ्या मते रॉक संगीतावर त्याचे उपकार मोठे आहेत.

[दृश्य : टेबलावर प्लॅस्टिकची बाटली, तापलेली सोल्डरिंगची सळई, पॉलिश पेपर, चामड्याचा तुकडा.]

मग टोनीने काय केलं ते पाहा. भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली घेतली, वितळवली, तिचा गोळा केला. सोल्डरिंगच्या तापलेल्या सळईने त्या गोळ्यात बोट जाईल एवढं भोक पाडलं. पॉलिश पेपरने तासून, घासून बोटाच्या आकाराला आणलं. शिंप्याचं अंगुस्तान असतं, तशी दोन टोपणं तयार झाली. पण प्लॅस्टिक तारेवरून सटकायचं. म्हणून जुन्या चामडी जाकिटाचा तुकडा कापून वर चिकटवला आणि तार धरेपर्यंत तो घासत बसला. पन्नासहून जास्त वर्षं हा माणूस अशी टोपणं घालून वाजवतो आहे.

टोपणातून तार बोटाला कळत नाही. किती दाबायची ते कानाने ठरवायचं. जाड तारा दुखायच्या आणि पातळ तारांचे संच तेव्हा मिळत नव्हते, तेव्हा त्याने बँजोच्या तारा गिटारला चढवल्या. पुढे, १९७१च्या तिसऱ्या अल्बमपासून, गिटारची पट्टीच तीन अर्धस्वरांनी उतरवली. तार ढिली, बोटाला आराम. गीझरनेही बेसची पट्टी उतरवली. त्या ढिल्या तारांतून जो जाड, घोगरा, जमिनीलगतचा आवाज निघाला, त्याच्यावर पुढे जगभरच्या बँडनी आपली दुकानं मांडली. हेवी मेटल म्हणतात ते हेच. एका कामगाराच्या हातातून आलेलं.

[दृश्य : जुनी तबकडी फिरते. सुई टेकते. पावसाचा आवाज.]

१६ ऑक्टोबर १९६९. लंडनच्या एका स्टुडिओत चौघांनी पहिला अल्बम एका दिवसात वाजवून टाकला. मैफलीत वाजवायचे तसाच, एकत्र. सुरुवातीला पाऊस, ढगांचा गडगडाट आणि चर्चची घंटा जोडली. मग तीन स्वर. षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम. आपल्याकडे हा तीव्र मध्यम पूरियात, मारव्यात संध्याकाळ घेऊन येतो. आयोमी त्याच्यावर थांबतो, त्याला हलवतो, आणि खोलीतला उजेड कमी झाल्यासारखं वाटतं. १३ फेब्रुवारी १९७०ला, शुक्रवारी, ही तबकडी बाजारात आली.

[दृश्य : छायाचित्रांची मालिका, भराभर.]

१९७८ पर्यंत चौघांचे आठ अल्बम झाले. शेवटचे दोन थकलेले होते. दारू आणि अमली पदार्थांनी चौघांनाही पोखरलं होतं. १९७९मध्ये ऑझीला काढलं. त्यानंतर सॅबथ या नावाने बरंच काही झालं. गायक रॉनी जेम्स डिओबरोबरचं काम तर मोठंच, पण त्याला वेगळी फिल्म हवी. १९९७मध्ये जुने चौघं पुन्हा मंचावर आले, लोकांनी डोक्यावर घेतलं. नवा अल्बम मात्र काही होईना.

११ नोव्हेंबर २०११ला चौघांनी मिळून जाहीर केलं की आता अल्बम करतोय. जानेवारी २०१२मध्ये कळलं की आयोमीला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग आहे. पुढच्याच महिन्यात बिल वॉर्डने लोकांना कळवलं की समोर ठेवलेला करार सही करण्यासारखा नाही. तो आला नाही. एक चेहरा इथे कमी झाला.

[दृश्य : आयोमीचे हात, जवळून. मंचावरचं चित्रण.]

केमोथेरपी चालू असताना आयोमी रिफ, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटी, रचत होता. त्याला प्रवास झेपेना म्हणून बाकीचे इंग्लंडला त्याच्याकडे आले. निर्माता होता रिक रूबिन. त्याने तिघांना बसवलं आणि १९७०चा पहिला अल्बम ऐकायला लावला. त्याचं सांगणं थोडक्यात असं, की हेवी मेटल हा शब्द डोक्यातून काढा. हा अल्बम केलात तेव्हा तो शब्द तुमच्यासाठी नव्हताच. याच्यानंतरचा अल्बम करतोय असं समजून वाजवा.

साठी ओलांडलेल्या माणसांना स्वतःचंच विशीतलं काम समोर ठेवून असं सांगायचं, याला धीर लागतो. आणि ते ऐकून घ्यायला त्याहून जास्त लागतो. आयोमीने चाळीस वर्षांत आपला आवाज घोटून, गुळगुळीत करून ठेवला होता. ते सगळं बाजूला ठेवायचं होतं.

ध्वनिमुद्रण कॅलिफोर्नियात, मालिबूच्या शँग्रि-ला स्टुडिओत झालं. ड्रम्सवर रेज अगेन्स्ट द मशीन या अमेरिकी बँडचा ब्रॅड विल्क. एका खोलीत एकत्र वाजवायचं, ही जुनी रीत परत आली.

[दृश्य : काळी तबकडी. ‘१३’. सुई टेकते.]

आणि जून २०१३मध्ये हे आलं. ऑझी गातोय असा सॅबथचा पूर्ण स्टुडिओ अल्बम १९७८नंतर पहिल्यांदा, ३५ वर्षांनी. गाणी आठ. ‘एंड ऑफ द बिगिनिंग’ आठ मिनिटं चालतं आणि पहिली पावलं इतकी सावकाश टाकतं, की ऐकणाऱ्याने श्वास धरावा. ‘गॉड इज डेड?’ त्याहून लांब. घाई कशाचीच नाही. ‘झाइटगाइस्ट’मध्ये अकूस्टिक गिटार आणि हाताने वाजवलेला ताल, १९७०च्या ‘प्लॅनेट कॅरव्हॅन’ची आठवण करून देणारा. आणि ‘डॅमेज्ड सोल’मध्ये ऑझी हार्मोनिका वाजवतो, तेव्हा पुन्हा ते ब्लूज वाजवणारे अ‍ॅस्टनचे पोरगे दिसतात. ऑझीचा आवाज खाली आलाय, वरचे स्वर गेलेत. त्याने ते लपवलेलं नाही. गीझर गिटारच्या सावलीसारखा चालतो आणि मधेच सावली वेगळी वळते. या अल्बमचं खरं बळ मला तिथे दिसतं.

उणीव आहे ती ड्रम्सची. विल्क चोख वाजवतो. पण वॉर्ड जॅझ ड्रमर जीन क्रुपा ऐकत वाढलेला. त्याच्या ठेक्यात जॅझचा झोका होता, तो रिफच्या किंचित मागे राहायचा आणि त्यामुळे रिफ आणखी जड व्हायचा. तो झोका इथे नाही. पहिला अल्बम आणि हा लागोपाठ ऐका, पाच मिनिटांत कळेल.

ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, जवळपास ४३ वर्षांनी. अमेरिकेत आयुष्यात पहिल्यांदा. ‘गॉड इज डेड?’ला ग्रॅमी मिळालं.

[दृश्य : तबकडीची शेवटची वळणं. आवाज : पाऊस.]

शेवटचं गाणं, ‘डिअर फादर’. गिटार थांबते आणि पाऊस सुरू होतो. गडगडाट. घंटा. १९७०मध्ये याच आवाजांनी ते आत आले होते. यानंतर त्यांनी स्टुडिओ अल्बम केला नाही.

[दृश्य : पूल. बाकाभोवती फुलं, पत्रं, फुगे.]

ऑझी २२ जुलै २०२५ला गेला. आठ दिवसांनी त्याची अंत्ययात्रा ब्रॉड स्ट्रीटवरून निघाली आणि या बाकापाशी थांबली.

[दृश्य : व्हिला पार्क, बाहेरून. मग लॉज रोड.]

त्याआधी, ५ जुलैला, तो घराजवळच्या या मैदानात गायला होता. उभं राहता येत नव्हतं, म्हणून काळ्या सिंहासनावर बसून. उजवीकडे-डावीकडे आयोमी आणि गीझर. सॅबथची गाणी चारच झाली.

मागे ड्रम्सवर बिल वॉर्ड होता.