काटक्या आणि वाळू

श्रोतेहो, नमस्कार.

2015 साली माझी भाची पाच वर्षांची होती. डायनासोरचं वेड एवढं, की जेवतानासुद्धा ताटाशेजारी एक हिरवा रबरी डायनासोर लागायचा. तिला घेऊन मी मोठ्या हौसेनं पिक्सार या अ‍ॅनिमेशन कंपनीचा 'द गुड डायनासोर' हा सिनेमा बघायला गेले. अर्ध्या सिनेमात ती माझ्या मांडीवर येऊन, ओढणीत तोंड खुपसून बसली होती. आणि एकच प्रश्न, "मावशी, त्याचे बाबा परत येणार ना?"

कल्पना खरंच सुरेख आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर आदळलेला तो लघुग्रह समजा आदळलाच नसता, नुसता बाजूनं निघून गेला असता तर? डायनासोर जगले असते, शेतीला लागले असते. सिनेमाचा नायक आर्लो हे असंच एक डायनासोरचं पिल्लू; त्याच्या घरी मका पिकतो. त्याचे बाबा डोक्यानं जमीन नांगरतात, मका दगडी कणगीत साठवतात, आणि ज्यानं काही करून दाखवलं त्याच्या पायाचा चिखलाचा ठसा त्या कणगीवर उमटतो. माणसाचं पोर मात्र चार पायांवर धावतं, गुरगुरतं, मका चोरतं. कुठलंही मूल हरखून जाईल असं जग!

पण बाबा पुरात वाहून जातात आणि हे जग तिथंच मागं पडतं. उरते ती घर चुकलेल्या पिल्लाची गोष्ट. आर्लोच्या जागी हरणाचं पाडस असतं तरी चाललं असतं. वाटेत एकामागून एक पात्रं भेटतात, प्रत्येक जण भीतीवर काहीतरी शिकवून जातं. मधेच उडते सरडे एका इवल्याशा केसाळ प्राण्याला वाचवतात आणि पुढच्याच क्षणी गिळून टाकतात. मोठी माणसं तिथं हसली. माझ्या मांडीवरची मुलगी थरथरत होती. मला फार राग आला होता, आजही येतो. लहान मुलांचा म्हणून सिनेमा काढायचा आणि पाच वर्षांच्या मुलीच्या काळजाचा विचारच करायचा नाही?

हा सिनेमा बनतानाच रखडला होता. तो यायचा होता 2014 मध्ये. आधी दिग्दर्शक बॉब पीटरसन होते, ते बाजूला झाले, पीटर सोन आले, गोष्ट नव्यानं रचली गेली, आवाज देणारे बहुतेक कलाकारही बदलले. ही ठिगळं पडद्यावर दिसतात. डोंगर, नद्या, ढग इतके खरे की वाटावं, अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये कॅमेरा नेऊन ठेवलाय. आणि त्यात आर्लो मात्र भाचीच्या त्या रबरी खेळण्यासारखा गुळगुळीत.

तरीही एक प्रसंग मी विसरलेले नाही. रात्रीची वेळ. आर्लो वाळूत काटक्या रोवून आपलं कुटुंब दाखवतो. ते रानटी पोर, स्पॉट, बघतं आणि स्वतःच्या काटक्या रोवतं. मग आईची आणि बाबांची काटकी आडवी ठेवून त्यांवर हळूच वाळू ओढतं. एक शब्द नाही. ओढणीतून तोंड बाहेर आलं ते तेव्हा.

याच पीटर सोन यांनी 2009 मध्ये ढगांवरचा एक छोटा, बिनसंवादांचा सिनेमा केला होता. न बोलता सांगण्याची त्यांची हातोटी इथं ओळखू येते. असे आणखी चार प्रसंग असते तर!

थिएटरमध्ये मुख्य सिनेमाआधी संजय पटेल यांची सात मिनिटांची 'संजय्ज सुपर टीम' ही छोटी फिल्म दाखवली होती. वडील देवापुढं पूजेला बसलेत, मुलाला टीव्हीवरचं कार्टून हवंय, आणि पूजेतच त्याला विष्णू, दुर्गा, हनुमान झुंजताना दिसतात. तीही जवळजवळ मूकच. रिक्षातून घरी येताना भाची डायनासोरबद्दल अवाक्षर बोलली नाही. घरी पोचल्यावर आधी देवघरात गेली आणि घंटा वाजवली.

तुमच्या घरी पाच-सहा वर्षांचं मूल असेल, तर ती सात मिनिटं जरूर दाखवा. मोठा सिनेमा आणखी दोन-तीन वर्षांनी. आणि दाखवाल तेव्हा पुराच्या प्रसंगाआधी शेजारी जाऊन बसा.

नमस्कार.