पावसाने धुतलेलं चित्र

श्रोतेहो, नमस्कार. आज जायचंय इंग्लंडमधल्या सफोक भागात, वेनहॅस्टन नावाच्या एका खेड्यात. तिथल्या सेंट पीटर चर्चमध्ये. साल १८९२.

चर्चची दुरुस्ती चालली होती. आतल्या मोठ्या कमानीचा वरचा भाग लाकडी फळ्यांनी बंद केलेला होता. फळ्यांवर चुना. सगळ्यांना ती अडगळ वाटली. फळ्या उतरवल्या आणि बाहेर कबरस्तानात नेऊन टाकल्या. जाळायच्याच होत्या. आणि त्या रात्री पाऊस पडला! सफेदीवर पाणी ओघळलं की काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. सकाळी बघतात तर चुन्यातून माणसं वर आलेली. डोळे, हात, चेहरे, रंगांसकट.

ते होतं शेवटच्या निवाड्याचं चित्र, म्हणजे जगाच्या अंती देव सगळ्या माणसांचा न्याय करतो तो ख्रिस्ती प्रसंग. इसवी सन १५०० च्या आसपासचं. मध्ये तराजू धरलेला देवदूत मायकेल, शेजारी सैतान. उजवीकडे नरक, म्हणजे एका प्रचंड माशाचा आ वासलेला जबडा. आणि डावीकडे स्वर्गाच्या दाराचा राखणदार संत पीटर, त्याच्यासमोर चौघे उभे आहेत, अंगावर एक चिंधी नाही. पण डोक्यावर राजाचा मुकुट आहे, बिशपची टोपी आहे. मला हा चितारी फार आवडतो. कपडे उतरवले, पण ओळख पटेल एवढं डोक्यावर ठेवलं.

आता हे चित्र तिथेच का? तर तेव्हाच्या चर्चचे आतून दोन भाग असत. पुढचा नेव, तो गावाचा. आतला चॅन्सल, तो पाद्रीबाबांचा. पुन्हा सांगतो, नेव गावाचा, चॅन्सल पाद्रीबाबांचा. डागडुजीही तशीच वाटलेली. दोन्हींच्या मध्ये कोरीव लाकडी जाळी, वर क्रूस, आणि क्रूसामागे हा निवाडा. नेवमध्ये उभ्या माणसाची नजर वर गेली की थेट तिथेच.

१५४७ मध्ये सहावा एडवर्ड इंग्लंडच्या गादीवर आला. त्याची राजवट प्रोटेस्टंट, चर्चमधल्या मूर्ती-चित्रांच्या विरोधातली. मग गावोगावच्या चर्चमधल्या मूर्ती काढून टाकल्या, चित्रांवर चुना चढला. आज ती चर्चं पांढरी दिसतात, म्हणून लोक त्यांना साधी म्हणतात. साधी नव्हती हो! आतून रंगांनी भरलेली होती.

इथे एक बोलतोच. आपल्याकडे जुन्या दगडी देवळांना जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंट फासतात, ते बघून माझा जीव तुटतो. चुना पावसाने तरी उतरतो. ऑइलपेंट दगडाच्या रंध्रात शिरतो, आणि तो काढताना कोरीवकामच झिजतं.

असो. वेनहॅस्टनच्या फळ्या पुन्हा चर्चमध्ये नेल्या, आजही तिथेच आहेत. कधी गेलात तर चित्रातल्या तीन कोऱ्या जागा जरूर बघा. मधली क्रूसाच्या आकाराची, दोन बाजूंना उभ्या माणसांच्या आकाराच्या. तिथे क्रूसावरच्या येशूची, त्याची आई मरियमची आणि शिष्य योहानाची लाकडी शिल्पं होती. त्यांच्यामागे रंग लावायची गरजच नव्हती. शिल्पं गेली, पण त्यांची बाह्यरेषा त्या लाकडावर अजून तशीच आहे.