बॉक्स वास मारालाय

श्रावण संपत आला की बेळगावात गणपतीच्या ऑर्डरी सुरू होतात आणि साउंड सिस्टिमवाल्यांच्या गोडाऊनची शटरं वर जातात. बाहेर पाऊस अजून थांबलेला नसतो, खानापूर-जांबोटी साइडला तर विचारूच नका, तिकडं दोन-दोन महिने वाळत घातलेले कपडे वाळत नाहीत. अशात उन्हाळ्यातल्या लग्नांनंतर एकावर एक रचून ठेवलेले स्पीकरचे बॉक्स खाली काढले की पहिलं वाक्य ठरलेलं, "अण्णा, बॉक्स वास मारालाय की हो."

मग कोणतरी अत्तर मारतो, कोणतरी रूम फ्रेशनर. काही जण आत डांबराच्या गोळ्या टाकतात, आणि ते सगळ्यात वाईट, कारण मग कुबट वास आणि डांबराचा वास असे दोन वास लाकडात मुरतात आणि दोन्ही जात नाहीत.

आता बॉक्सवर बाहेरून चिकटवलेलं हे कार्पेट नीट बघा. हे विणलेलं नसतं. पॉलिस्टरचे नाहीतर पॉलिप्रॉपिलीनचे धागे सुयांनी ठोकून ठोकून एकात एक गुंतवतात, त्याची शीट होते, आणि ती प्लायवूडवर रबर सोल्युशननं चिकटवतात. धागा प्लास्टिकचा, म्हणजे तो स्वतः पाणी पीत नाही, कुजत पण नाही. कुजतं ते त्यात अडकलेलं, धूळ, हातांचा घाम, सांडलेला चहा, कोल्ड्रिंक, आणि त्याच्या मागचं लाकूड. म्हणून बाहेरून कितीही घासलं तरी चार दिवसांनी वास परत येतो. वासाचं घर आत आहे.

खात्री करायची असेल तर एक ड्रायव्हर, म्हणजे बॉक्समधला आवाज करणारा गोल स्पीकर, काढा आणि भोकात नाक घाला. आतला वास बाहेरच्यापेक्षा जास्त असला तर काम आतून सुरू करायचं. बहुतेक वेळा जास्तच असतो.

उघडताना दोन गोष्टी. वायर कुठली प्लसला आणि कुठली मायनसला ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नंतर आठवत नाही. आणि 15 इंची, 18 इंची ड्रायव्हरचं मॅग्नेट स्क्रूड्रायव्हर ओढून घेतं, टोक सटकलं की सरळ कोनमधून, म्हणजे ड्रायव्हरच्या हलणाऱ्या पडद्यातून, आरपार, त्यामुळं दुसरा हात कायम मध्ये आडवा ठेवायचा. हॉर्न, जाळी, हँडल, कोपऱ्याचे पत्रे, मागची टर्मिनल प्लेट, क्रॉसओव्हर (बेस आणि बारीक आवाज वेगळे करणारं सर्किट), सगळं उतरवा. रिकामं खोकं राहिलं पाहिजे.

आत ग्लासवूल नाहीतर कापसासारखी पांढरी गादी लावलेली असते. ती धुवायच्या फंदात पडू नका. वास तिच्यात बसला की ती फेकायची आणि नवीन घालायची, स्वस्त असते. ग्लासवूल काढताना हातमोजे आणि मास्क पाहिजेच, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल.

आणि आत उंदराच्या लेंड्या दिसल्या तर थांबा. सुका झाडू नको, व्हॅक्यूम पण नको. उंदराच्या मुतातनं लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि सुकं झाडलं की ती घाण हवेत उडून नाकात जाते. आधी जंतुनाशक शिंपडून ओलं करायचं, थोडा वेळ ठेवायचं, मग ओल्या कागदानं उचलायचं. मुताच्या वासाला कुत्र्या-मांजरांच्या सामानाच्या दुकानात एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते लावून बराच वेळ ओलं राहू द्यायचं, लगेच पुसलं तर काही होत नाही. उंदीर येतो कुठनं? समोरच्या पोर्टमधनं, म्हणजे बेसची हवा यायच्या भोकातनं. गोडाऊनात ठेवताना पोर्टवर लोखंडी जाळी लावा, वाजवताना तेवढी काढा.

आता कार्पेट. पहिल्यांदा सुकं, कायम सुकं. आपल्याकडचं कार्पेट म्हणजे नुसती धूळ नसते ना, बेळगावची विसर्जन मिरवणूक झाली की गुलाल, सौंदत्तीच्या यल्लम्माला किंवा आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या यात्रेला जाऊन आलेला बॉक्स असेल तर भंडारा, दोन्ही बारीक पूड, धाग्यांच्या मुळापर्यंत गेलेली. याच्यावर पाणी मारलं की पुडीचा रंग झाला आणि तो रंग कार्पेटला बसला. म्हणून आधी कडक ब्रशनं उलटसुलट मोकळं करायचं, व्हॅक्यूम लावायचा, परत ब्रश, परत व्हॅक्यूम, कंटाळा येईपर्यंत. कंप्रेसरची हवा मारायची असेल तर बाहेर उघड्यावर मारा आणि तोंडाला बांधा.

भंडाऱ्याची एक गंमत आहे. त्यात हळद असते, आणि हळदीला साबण किंवा सोडा लागला की ती तांबडी होते. पोरं घाबरतात, डाग वाढला म्हणून अजून साबण लावतात, तो अजून तांबडा होतो. तसं काही नसतं, पांढरं व्हिनेगर पाण्यात घालून पुसलं की परत पिवळा होतो. आणि तो उरलेला पिवळा उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हात उडतोच. काळ्या कार्पेटवर तसंही दिसत नाही, करड्यावर दिसतं.

आता ओलं काम, आणि खरी बॉक्सची वाट इथंच लागते. पाइप लावून धुतलेले बॉक्स बघितलेत मी, गाडी धुतात तसे. प्लायवूड असेल तर कडेनं थर सुटतात. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड असेल तर ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळल्यावरसुद्धा परत पहिल्यासारखं होत नाही, संपला विषय. त्यामुळं पाणी नाही, फेस वापरायचा. बादलीत कोमट पाणी, थोडं लिक्विड साबण, हातानं भरपूर फेस करायचा आणि ब्रशनं नुसता फेस उचलून लावायचा. एका वेळी एकच बाजू. लगेच पांढऱ्या फडक्यानं दाबून टिपायचं, मग साध्या पाण्याचं पिळलेलं फडकं, कारण साबण आत राहिला तर तो नवीन धूळ धरून ठेवतो.

स्टीम क्लीनर ऐकायला भारी वाटतो पण गरम वाफेनं सोल्युशन मऊ पडतं आणि कार्पेट कोपऱ्यात फुगे धरतं. थिनर, पेट्रोल तर लांबच ठेवा, ते सोल्युशनच विरघळवतं.

बुरशीच्या कुबट वासाला पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी घालून स्प्रे बाटलीत, हलकं फवारायचं. त्याचा आंबट वास वाळल्यावर उडून जातो. ब्लीच नको. एक तर लाकडात ते खोल जात नाही, नुसतं पाणी आत मुरतं, आणि व्हिनेगर मारलेल्यावर ब्लीच मारलं तर क्लोरिन गॅस होतो, बंद गोडाऊनात हा प्रकार जिवावर बेतेल. चेष्टा नाही ही.

निपाणीकडचे बॉक्स वेगळे. तंबाखूच्या वखारीशेजारी ठेवलेला बॉक्स उघडला की नाकाला झिणझिण्या येतात, आणि तो वास कुबट वासापेक्षा चिवट असतो. त्याला खायचा सोडा कार्पेटवर पेरून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी व्हॅक्यूम, हे थोडंफार चालतं. आत उघड्या डब्यात ऍक्टिव्हेटेड कार्बन ठेवा, फिश टँकच्या दुकानात मिळतो, आणि भोकं कागदानं बंद करून आठवडाभर विसरून जा. ओझोन मशीन भाड्यानं आणायची आयडिया कोणी दिली तर आधी ड्रायव्हर बाहेर आहेत ना बघा, ओझोन रबर आणि फोम खातो, कोनच्या कडेची रिंग तडकते.

वाळवणं हे अर्धं काम आहे. पावसाळ्यात ऊन मिळत नाही म्हणून लोक वाळला असेल असं धरून ड्रायव्हर बसवतात आणि आतली ओल आतच कोंडतात. खोकं विटांवर उचलून ठेवायचं, ड्रायव्हरच्या भोकासमोर टेबल फॅन, आणि हवा मागच्या भोकातनं बाहेर गेली पाहिजे. जमलं तर मार्च-एप्रिलमध्येच हे काम काढा, गणपतीच्या तोंडावर नको.

एवढं करूनही लाकूड वास सोडत नसेल तर शहापूर, वडगावकडच्या कुठल्याही जुन्या सुतार मिस्त्रीला विचारा, तो चपडा सांगेल. लाकूड पूर्ण वाळल्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा आतल्या सगळ्या बाजूंना दोन हात मारायचा. लाखेचा थर वास आतल्या आत दाबून टाकतो. मला विचाराल तर सगळ्या उपायांत हाच खरा उपाय, बाकीचे त्याची तयारी. फक्त स्पिरिट पेट घेतं, त्यामुळं बिडी, वेल्डिंग, सगळं लांब.

कार्पेटच गेलं असेल तर ओढून काढा, जुनं सोल्युशन खरवडा, नवीन लावा. पण तळ दाबून बघा आधी. बोट आत गेलं, लाकूड भुसभुशीत लागलं तर नवीन कार्पेटला पैसे घालू नका, आतली मापं घेऊन तेवढ्याच घनफळाचं नवीन खोकं करा, नाहीतर बेसचा आवाज बदलतो.

बसवताना ड्रायव्हरखालची गॅस्केटची पट्टी दबली असेल तर नवीन घाला, फट राहिली की बेसला फुसफुस येते. आणि फोटो काढायचा राहिलाच असेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, ड्रायव्हरच्या दोन टर्मिनलना प्लस-मायनस क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलचं प्लस जिथं लागलंय ते टर्मिनल प्लस.