तळ्यावर शीड उभारण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याजवळ एखादं बेताचं तळं असेल, पलीकडच्या काठावरचा माणूस दिसतो पण ओळखू येत नाही एवढं, तर तिथे शिडाच्या छोट्या होड्यांचा क्लब काढता येईल का, असं मला बरेच जण विचारतात. येईल. अर्धा-पाऊण किलोमीटर रुंदीचं पाणी लहान होड्यांना पुष्कळ झालं. मग लगेच पुढचा प्रश्न येतो, होड्या कोणत्या घ्यायच्या? तिथे मी त्यांना थांबवतो. होड्यांचा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की होड्या पाण्यात असताना काठावर कोण थांबणार? हे मी आज पुन्हा सांगणार आहे. आणि का सांगतोय, तेही सांगणार आहे.

आधी होड्यांचं उरकून घेतो. मुलांसाठी ऑप्टिमिस्ट. १९४७ साली अमेरिकेत, फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटरला, क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्याने ती बेतली. साध्या प्लायवुडमधून, कमी खर्चात, बाप आणि मुलाला मिळून बनवता यावी म्हणून. लांबी २.३६ मीटर, वजन ३५ किलो, शीड एकच आणि पुढचं टोक चपटं. दोन मोठी माणसं ती सहज उचलतात. दोघांनी मिळून चालवायची असेल तर मिरर. ही १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी केली. हिचे प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेने चक्क शिवायचे आणि सांध्यांवर काचतंतूची पट्टी रेझिनने चिकटवायची. एकट्या मोठ्या माणसाला लेझर. ती कॅनडाच्या ब्रूस कर्बी यांची, आणि १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे.

शिवण्यावरून आठवलं, म्हणून बोलतो. मुलांनी निदान एक होडी आपल्या हातांनी बांधावी असं मला फार वाटतं. करवत चालवलेला, तार पिळलेला, रेझिनने बोटं चिकटवून घेतलेला मुलगा पुढे होडी काठावर आपटत नाही. विकत घेतलेली होडी पोरं दगडावरून घसरवत आणतात, मला ते बघवत नाही. हल्ली मुलांच्या हाताला पेन आणि पडदा यांच्याखेरीज काही लागतच नाही. असो. विषय तळ्याचा आहे.

तर काठावर कोण थांबणार?

आमचा पहिलाच मोसम होता. सात होड्या होत्या, काही विकत घेतलेल्या, काही बांधलेल्या. एक मोटारबोट होती मदतीसाठी, आणि तिच्यावर मी. एकटाच. आमच्यातल्या एका काकांनी सुरुवातीलाच म्हटलं होतं, मदतीच्या बोटीवर दोघं असू देत. मी म्हटलं, काका, एवढ्याशा तळ्याला दुसरा माणूस कशाला? त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला सगळं छान चाललं होतं. वारा मंद होता, पाण्यावर नुसत्या सुरकुत्या. मग पश्चिमेकडे ढग काळवंडले आणि तिकडचं पाणी एकदम गडद दिसायला लागलं. ज्यांनी शीड हाताळलंय त्यांना ठाऊक आहे, पाण्यावरून गडद पट्टा सरकत येतो तो वाऱ्याचा झोत असतो. मी शिट्टी वाजवली. चार होड्या झटकन काठाला लागल्या. एक मधोमध शीड उतरवून थांबली. एक वाऱ्याबरोबर पलीकडच्या काठाकडे निघाली. आणि एक मिरर, दोघांची होडी, माझ्या डोळ्यांदेखत आडवी झाली, आणि मग पूर्ण पालथी.

मी तिच्याजवळ पोहोचेपर्यंत पाचेक मिनिटं गेली असतील. होडीचं पोट वर आणि डोलकाठी खाली. तिथे पाणी उथळ होतं, डोलकाठीचं टोक तळाच्या गाळात रुतलेलं. आणि होडीच्या बाजूला एक पिवळं लाइफ जॅकेट तरंगत होतं. रिकामं.

आसपास माणूस एकही नाही.

मी इंजिन बंद केलं, होडीच्या पोटावर थापा मारल्या, हाका मारल्या. पालथ्या होडीखाली कधी कधी हवेची पोकळी राहते, तिथे माणूस श्वास घेऊ शकतो, हे मला माहीत होतं. मी पाण्यात उतरलो, श्वास रोखून आत गेलो. आत मातकट अंधार. हाताला दोर लागले, शीड लागलं, शिडात काहीतरी गुंडाळल्यासारखं लागलं आणि माझं काळीज थांबलं. ती वल्ह्याची दांडी होती. बाहेर आलो, पुन्हा गेलो. तीनदा गेलो.

तिसऱ्यांदा वर आलो तेव्हा पलीकडच्या काठावर कोणीतरी दोन्ही हात हलवताना दिसलं. दुसऱ्या होडीने त्याला जाता जाता उचललं होतं. तो मिररचा सुकाणूवाला, कॉलेजातला मुलगा. म्हणजे एक सापडला. दुसरा? सकाळी त्याच्याबरोबर बसलेला तेरा वर्षांचा मुलगा मी स्वतः पाहिला होता, पिवळं जॅकेट घातलेला. मी ओरडून विचारलं. वाऱ्याच्या घोंघाटात माझे शब्द हरवत होते. तो काहीतरी ओरडून सांगत होता, तेही ऐकू येईना. मोटारबोट घेऊन तिकडे जावं, तर ही होडी सोडायची कशी? खाली मूल असेल तर? बोटीवर दुसरा माणूस असता तर तो गेला असता. मला काकांचे शब्द आठवत होते आणि मी होडीला धरून पाण्यात तरंगत होतो.

इकडच्या काठावर बायामाणसं जमली होती. पाण्यात किती जण गेले होते? कोणी म्हणे अकरा, कोणी म्हणे बारा. परत आलेले मोजले तर नऊ. कोणी कोणाच्या होडीत बसलं, मध्येच कोण बदललं, एकालाही नीट सांगता येईना. आमच्याकडे लिहिलेलं काहीच नव्हतं.

तो कॉलेजातला मुलगा तळ्याला वळसा घालून धावत आला. अर्धा तास लागला त्याला. काठावर पोहोचल्या पोहोचल्या म्हणाला, "दादा, तो केव्हाच उतरला! त्याला थंडी वाजत होती. मी त्याला बांधापाशी सोडलं, जॅकेट होडीत टाकून तो घरी गेला."

मुलगा घरी झोपला होता. आईने उठवून आणला तेव्हा डोळे चोळत होता. मी काठावर बसलो तो बराच वेळ उठलोच नाही. हात थरथरायचे थांबायला रात्र झाली.

श्रोतेहो, तो अर्धा तास मला क्लबाबद्दल जे शिकवून गेला ते दुसऱ्या कशाने शिकवलं नसतं. दुसऱ्या रविवारी आम्ही काठावर एक लाकडी पाटी ठोकली. पाटीवर खिळे, प्रत्येक खिळ्याला क्रमांकाचा बिल्ला. पाण्यात जाताना आपला बिल्ला काढून गळ्यात अडकवायचा, परत आल्यावर आपल्याच हाताने खिळ्याला लावायचा. दुसऱ्याने कोणाचा लावायचा नाही. रिकामा खिळा म्हणजे माणूस अजून पाण्यात. पाटीजवळ एक माणूस बसून राहणार, होडी चालवायला त्या दिवशी न जाणारा. आणि मदतीच्या बोटीवर दोघं. पाळीपाळीने सगळ्यांनी काठावर बसायचं, मीही. पुन्हा सांगतो: पाटी, पाटीजवळ माणूस, बोटीवर दोघं. एवढं झालं की मग होड्या घ्या.

अजून एक. अपघात झाला तर आधी माणसं, मग होडी. होडी गाळात रुतली असेल तर रुतू द्या. आम्ही ती मिरर नंतर घाईने ओढली आणि डोलकाठी मोडली. आता आमच्या प्रत्येक डोलकाठीच्या शेंड्याला तरंगता फुगा असतो, त्यामुळे होडी आडवी झाली तरी सहसा पालथी होत नाही. आडव्या होडीचं नाक वाऱ्याकडे करायचं, पाण्यात सोडलेल्या मधल्या फळीवर उभं राहायचं आणि कडेला धरून मागे रेलायचं, होडी उठते. नव्या माणसाने हे उथळ पाण्यात दहा वेळा करून दाखवल्याशिवाय त्याला तळ्याच्या मध्यावर सोडू नका.

वेळ थोडा उरलाय, वाऱ्याचं एवढंच सांगतो. तळ्यावरचा वारा समुद्रासारखा सरळ येत नाही. काठावर उंच झाडं असतील तर त्यांच्या उंचीच्या निदान दहापट अंतरापर्यंत तो अडखळतो, मरतो, उलटा फिरतो. म्हणून धक्का झाडीच्या आडोशाला बांधू नका. आणि वारा मोजायला यंत्र हवंच असं नाही. फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ साली जी वाऱ्याची मोजपट्टी आखली तिच्या आजच्या रूपात चौथा अंक म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर वारा. त्याची खूण काठावरच दिसते: धूळ आणि कागद उडू लागतात. ते दिसलं की नवशिक्यांनी बाहेर यायचं. दोन होड्या समोरासमोर आल्या तर वारा जिच्या उजव्या अंगाने येतो तिला वाट. दोघींना वारा एकाच अंगाने असेल तर वाऱ्याच्या बाजूच्या होडीने वाट द्यायची. उजव्या अंगाने वारा, तिला वाट. हे मुलांकडून म्हणून घ्या.

शर्यतींची घाई करू नका. पहिल्या वर्षी शर्यत नकोच, असं माझं ठाम मत आहे. जिंकण्याची ओढ लागली की मुलं आकाशाकडे बघायची थांबतात.

येत्या सुट्टीच्या दिवशी तळ्यावर जाणार असाल तर शीड नेऊ नका. वल्ह्याची होडी आणि लांब दोरी न्या. दोरीला दर मीटरला गाठ मारा, टोकाला दगड बांधा. एकाने वल्हवायचं, एकाने दोरी सोडून गाठी मोजायच्या, तिसऱ्याने कागदावर तळ्याचं चित्र काढून आकडे भरायचे. कुठे गाळ, कुठे खडक, कुठे डोलकाठी रुतेल, सारं त्या कागदावर येईल. तो कागद नीट जपा. पाटीशेजारी तोच लावायचा आहे.

नमस्कार.