हे साल कुठून आलं?

(दृश्य : टेबलावर जुना रुमाल. गाठ सुटते, आत मोडीतली पत्रं.)

सदाशिव पेठेतल्या एका घरातला हा रुमाल. वरच्या पत्राच्या शेवटी एवढंच आहे : 'छ ५ रबिलाखर'. छ म्हणजे चंद्र. दिवस आहे, महिना आहे, वर्ष नाही.

जुन्या पत्रांच्या आमच्या डेटाबेसमध्ये मात्र याच पत्रासमोर १७७३ लिहिलेलं होतं. 'साधन', म्हणजे माहिती कुठून आली, असा एकच रकाना होता आणि त्यात 'खासगी संग्रह' हे दोन शब्द. वर्षभराने एका अभ्यासकाने विचारलं, "हे साल पत्रात कुठंय?" नोंद करणारी मुलगी नोकरी सोडून गेली होती. कागद घरी परत गेले होते, स्कॅन फक्त पुढच्या बाजूचा. आम्ही निरुत्तर झालो.

रुमाल पुन्हा मागवला, पत्र उलटलं.

(दृश्य : कोऱ्या पाठीवर निळ्या शाईत '१७७३'.)

फाउंटन पेनची शाई. घरातल्याच कुणीतरी नंतर कधीतरी लिहिलेलं.

नोंदींचं वर्णन करण्याच्या डब्लिन कोअर या १५ घटकांच्या आराखड्यात 'साधन' हा घटक आहेच, पण तो लागतो अख्ख्या नोंदीला. आम्हाला हवं होतं फक्त सालाचं साधन. म्हणून आता साधनांचा तक्ता वेगळा आहे, आणि नोंद व साधन यांच्यामध्ये तिसरा तक्ता आहे, विधानांचा : कोणती माहिती, कोणत्या साधनातून, कुणी वाचली, कधी. चूक सापडली तरी जुनं विधान पुसत नाही. ते का सोडलं, ते त्याच ओळीत लिहितो.

याच रुमालातल्या दुसऱ्या पत्रात साल आहे : 'अर्बा सबैन मया व अलफ'. चार, सत्तर, शंभर, हजार. अरबी शब्दांत लिहिलेलं शुहूर सन ११७४; ही मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना. हे वर्ष उन्हाळ्याच्या अखेरीस, मृगाला सुरू होतं, त्यामुळे ते इसवी १७७३ आणि १७७४ अशा दोन्ही सालांत पसरतं. म्हणून पत्रातले शब्द एका रकान्यात जसेच्या तसे, आणि आपण काढलेली इसवी तारीख शेजारच्या रकान्यात.

पण खरी मेख पुढे आहे. समजा, छापील पुस्तकात, एका प्रबंधात आणि एका सूचीत एकच साल सापडलं. तीन साधनं झाली का? प्रबंधाने पुस्तकावरून घेतलं, सूचीने प्रबंधावरून, तर साक्षीदार एकच. म्हणून साधनांच्या तक्त्यात 'कशावरून' हा रकाना आहे आणि तो त्याच तक्त्यातल्या दुसऱ्या साधनाकडे बोट दाखवतो. मला विचाराल तर सगळ्या रचनेत हा सर्वांत मोलाचा.

(दृश्य : भांडारकर संस्थेची दगडी इमारत.)

पुण्याला हा विचार नवा नाही. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी शेकडो पोथ्या पडताळल्या. प्रत्येक पोथीला संकेताक्षर, पाठभेद तळटीपेत. आणि कोणती पोथी कोणत्या शाखेतली, हे आधी ठरवलं, कारण एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या दहा पोथ्यांचं वजन दहांचं नसतं.

(दृश्य : स्क्रीनवर पहिल्या पत्राची नोंद.)

आज ती नोंद अशी आहे. दिवस आणि महिना : पत्रातून. वर्ष : १७७३, पाठीवरच्या निळ्या शाईतून; हस्ताक्षर अज्ञात. कशावरून : रिकामं.