जुन्या गोव्याचा अर्धा मनोरा

(बॅसिलिकेबाहेरची गर्दी. कॅमेरा तिच्यातून निघून चढाच्या रस्त्याला लागतो.)

जुन्या गोव्यात येणारी बहुतेक मंडळी बॉम जेझूस बघतात, समोरचं सें कॅथेड्रल बघतात आणि बसमध्ये जाऊन बसतात. आपण पश्चिमेकडचा चढ धरू. मोंते सांतो नावाच्या टेकडीवर जाणारी ही जेमतेम दहाएक मिनिटांची वाट आहे.

(झाडांच्या वर मनोरा दिसू लागतो.)

एका पडक्या चर्चचा, जांभ्या चिऱ्यांचा मनोरा. उंची ४६ मीटर, पण उभा कापल्यासारखा अर्धाच. मराठी पाहुण्याला इथे हमखास संभाजी महाराजांची १६८३ची स्वारी आठवते. पण या पडझडीशी कुठल्याच लढाईचा संबंध नाही. हे चर्च पडलं ते एका सरकारी हुकमानं आणि पावसानं.

ऑगस्टिनियन या ख्रिस्ती धर्मसंघाचे साधू गोव्यात आले १५७२ मध्ये. नोसा सेन्योरा द ग्रासा हे त्यांचं चर्च १६०२ मध्ये पूर्ण झालं. पुढे पोर्तुगालनं धर्मसंघ बंद केले, १८३५ मध्ये इथल्या साधूंनाही मठ सोडावा लागला. जांभा हा सच्छिद्र दगड. अंगावर चुन्याचा गिलावा असेल तोवरच तो कोकणपट्टीचा पावसाळा सोसतो, आणि गिलाव्याची डागडुजी करायला तर कुणी उरलंच नव्हतं. १८४२ मध्ये छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. घंटा त्याआधीच हलवली होती: आधी आग्वादच्या दीपस्तंभावर, १८७१ पासून पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये.

(कॅमेरा खाली, फरशीवर. थडग्यांच्या शिळा.)

मान वर करून फोटो काढून झाला असेल, तर आता खाली बघा. खरी गोष्ट जमिनीत आहे.

जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी केतेवान. इराणच्या शाह अब्बासनं तिला शिराझमध्ये कैदेत ठेवलं. धर्म सोडायला ती तयार होईना, म्हणून १६२४ मध्ये तिचा हाल हाल करून जीव घेतला. तिथल्या ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थी मिळवल्या आणि त्यातल्या काही १६२७ मध्ये इथे आणल्या. मठाच्या सभागृहात, अमुक खिडकीजवळ, दगडी पेटीत ठेवल्याची नोंद जुन्या पोर्तुगीज कागदांत होती. पण छतच कोसळलेलं. खिडकी शोधायची कुठे? पुरातत्त्व खात्यानं ढिगारा उपसून मठाचा आराखडा पुन्हा जुळवला, आणि २००४ मध्ये एक हाड हाती लागलं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत त्याचा डीएनए तपासला. निघालेला मातृवंश, म्हणजे आईकडून चालत आलेला वंश, भारतात सहसा सापडत नाही, जॉर्जियात मात्र आढळतो. कागदावरची नोंद आणि प्रयोगशाळेचा निकाल असे जुळून आले.

जॉर्जियाच्या चर्चनं केतेवानला संत मानलंय. २०२१ मध्ये भारतानं तिच्या अस्थींचा एक भाग तिबिलिसीत समारंभानं जॉर्जियाच्या हवाली केला.